पलंगाखालून वाचणारी

"एवढं पान होऊ दे, मग उठते."

योगिनीचं हे वाक्य त्या घरात दिवसातून दहा वेळा तरी ऐकू यायचं. दूध उतू जावो, दाराची बेल वाजो, ताटातली पोळी गार होऊन चामड होवो, पोरगी पुस्तकातून मान न काढता तेवढंच म्हणायची. आणि पान झालं की खरंच उठायची, हेही सांगायला हवं. खोटं बोलणाऱ्यातली नव्हती ती. फक्त तिचं एक पान कधी कधी चाळीस पानांचं असायचं.

पंधरा सरून सोळावं लागलेली ही पोर हैदराबादच्या हिमायतनगरातल्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर राहायची. घरात आई माधवी, बाबा प्रशांत आणि आजोबा एकनाथराव. एकनाथराव मूळचे देगलूरकडचे, ज्वारी-हुलग्याच्या रानातले. विशीत गाव सोडून हैदराबादेत आले आणि नामपल्ली स्टेशनच्या पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं त्यांनी लोकांची गाठोडी इकडून तिकडं धाडली. कुठलं गाठोडं फुटणार, ते दोरी बघून ओळखायचे. माणसाचंही असंच ओळखता येतं, असा त्यांचा समज होता.

नातीच्या बाबतीत मात्र त्यांचा हिशेब जमत नव्हता.

ती दहा वर्षांची असताना साथ आली, शाळा बंद पडल्या आणि फोनवरून शिकवणं सुरू झालं. वर्षाची पुस्तकं पोरीनं दीड महिन्यात वाचून बाजूला ठेवली. शाळा उघडल्यावर ती चार-पाच महिने गेलीही. मग एक दिवस दप्तर कोपऱ्यात ठेवून आईला म्हणाली, "तिथं वाचायला वेळच मिळत नाही." माधवी पुण्याची, विचार करून बोलणारी बाई. तिनं आठ दिवस विचार केला, नोकरी अर्ध्या वेळेची करून घेतली आणि लेकीला घरीच शिकवायला घेतलं. औंदा पोरगी मुक्त विद्यालयातून दहावी झाली, चांगल्या मार्कांनी झाली. तरी एकनाथरावांचं मन भरलं नाही.

"विहिरीत पोहायला शिकलेलं लेकरू नदीत गडबडतंय," ते जेवताना म्हणायचे.

"नाना, विहीर खोल आहे की नाही ते बघा," माधवी म्हणायची आणि त्यांना वरण वाढायची.

चार वर्षं हे असंच चाललं होतं. भांडण नव्हे, पण एक खडा ताटात कायम.

जूनच्या सुरुवातीला एकनाथरावांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आतल्या पडद्याला भोक पडलं होतं. डॉक्टरांनी डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला. तो वर चढून त्या भोकावर दाबून बसावा, म्हणून माणसानं एकवीस दिवस पालथं पडून राहायचं. जेवायला आणि अंघोळीला उठायचं तेवढंच, तेही मान खाली घालून. आणि महिनाभर वाचायचं नाही.

आता पालथं झोपलं तर नाक दबतं, श्वास कोंडतो. पण एकनाथरावांचा पलंग होता नवारीचा, रेल्वे क्वार्टरपासूनचा. सुनेनं किती वेळा सांगूनही त्यांनी तो टाकला नव्हता. प्रशांतनं उशाकडच्या दोन पट्ट्या सैल करून बाजूला सरकवल्या. चेहरा मावेल एवढी खिडकी झाली. गादी छातीपासून खाली आणली, खिडकीच्या कडांना जुन्या धोतराच्या घड्या बांधल्या. एकनाथराव त्यात तोंड घालून पडले आणि त्यांना समोर दिसली ती फरशी. एक चौकोन, त्याच्या कोपऱ्यात केसासारखी बारीक चीर, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय.

पहिले दोन दिवस त्यांनी पाय ओळखण्यात घालवले. सुनेचे पाय घाईचे. मुलाचे पाय ऑफिसातून येताना एक चालायचा, दुसरा ओढत यायचा. नातीचे पाय मात्र चालता चालता मध्येच थांबायचे, मिनिट-मिनिट थांबायचे. ती चालतानाही वाचायची, हे त्यांना तेव्हा उमगलं.

तिसऱ्या दिवशी ते पाय असेच थांबले.

"योगे, काय वाचायलीस?"

"जहाज बर्फात अडकलंय, आजोबा."

"मग?"

"मग काय. माणसं खाली उतरली न् चालायला लागली."

"सांग की नीट."

"इंग्लिशमध्ये आहे ते."

"मराठीत सांग."

"मला नीट नाही येणार."

"मला कुठं नीट दिसायलंय," एकनाथराव म्हणाले. "होऊ दे."

 पोरगी खाली बसली, चटई ओढली आणि पलंगाखाली सरकून उताणी झाली, अगदी त्या खिडकीखाली. पुस्तक तिनं छातीवर उभं धरलं. वर आजोबांचा लोंबता चेहरा, खाली नातीचा. दोघांमध्ये हातभर अंतर. इतक्या जवळून त्यांनी तिला ती पाळण्यात असताना पाहिलं असेल, त्यानंतर नाही. तिच्या हनुवटीवर एक तीळ होता. तो कधी उगवला, त्यांना ठाऊक नव्हतं.

ती इंग्रजी ओळ डोळ्यांनी उचलायची आणि मराठी करून वर सोडायची. मराठी कसली, तिची हैदराबादी खिचडी.

"त्यांच्याजवळचं खाणं खतम झालं. लई परेशान झाले. मग कॅप्टन म्हणला, बूट उकळा."

"संपलं, योगिनी. खाणं संपलं," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"राहू दे, सूनबाई," एकनाथराव फरशीला म्हणाले. "खतममध्ये जास्त संपतंय."

जहाजाचं पुस्तक चार दिवसांत उरकलं. मग एका बाईनं डोंगरात एकटीनं काढलेल्या हिवाळ्याचं. मग गांडुळांवरचं एक जाडजूड पुस्तक, ज्याला एकनाथराव आधी हसले आणि नंतर जेवण सोडून ऐकत राहिले. पुस्तकवाल्यानं लिहिलं होतं की जमीन नांगरूच नये. एकनाथराव खवळले.

"त्याला विचार, हराळीचं काय करतो म्हणावं."

"तो मेलाय आजोबा, कधीचाच."

"मग लिहून ठेव."

पुस्तकात रेघ मारायची नाही हा घरातला कडक नियम. पण पोरीनं पेन्सिल आणली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'आजोबा म्हणतात हराळीचं काय?' त्यांनी मग तिला हराळी सांगितली. ती कशी वरून कापली तरी खालून चालत राहते, उन्हाळ्यात ढेकळं उलटी करून तिच्या मुळ्या वाळवाव्या लागतात, आणि त्या दिवसांत रानाला कसा भाजल्यासारखा वास येतो. पोरगी पुस्तक छातीवर पालथं ठेवून ऐकत होती. पुस्तक बाजूला ठेवून ती कोणाचं ऐकते, हे त्या घरात नवीन होतं.

जहाजाचं पुस्तक चालू होतं तेव्हाच, मृगाच्या दिवशी उमाजी भेटायला आले. उमाजी देगलूरचेच, बेगम बाजारात त्यांची मिरची-हळदीची घाऊक पेढी. ते खोलीत आले की आधी त्यांचा वास यायचा आणि मग सगळ्यांना शिंक.

"क्या एकनाथराव, पालथे? जमिनीत काही पुरून ठेवलं होतं का?"

"पालथा घडा झालोय. ओत काय ओतायचं ते."

"अहो, ओतायला पोचलो हेच नशीब. नामपल्लीला दम्याच्या औषधाचा जिवंत मासा गिळायला सगळी दुनिया आलीय. दमेकरी पुढं, पोलीस मागं, मधात माझी रिक्षा." खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. मग उमाजींचा आवाज खाली आला. "पोरगी कुठंय?"

"आत. वाचायली."

"तुमचं काम केलं. फारम आणलाय. माझी पुतणी शिकवते तिथलं कॉलेज, नारायणगुड्याला, मुलींचं. इंटरचा, म्हणजे अकरावीचा प्रवेश. तीस तारीख शेवटची."

एकनाथरावांनीच ते सांगितलं होतं, ऑपरेशनच्या आधी. मनात असं की, फॉर्म हातात असला की मुलाशी आणि सुनेशी समोरासमोर बोलता येईल. नुसतं तोंडानं बोललेलं वाऱ्यावर जातं, कागद पुढं ठेवला की माणूस थांबतो. हे पार्सल ऑफिसातलं शहाणपण.

"गादीखाली सरकव," ते म्हणाले. "वेळ बघून काढतो."

उमाजींनी कागद गादी आणि नवारीच्या मध्ये सारला, चहा घेतला, दोनदा शिंकले आणि गेले.

वेळ बघायची होती. पण दिवस असे काही लागत गेले की वेळ बघायला वेळच होईना. सकाळी चहानंतर पोरगी पलंगाखाली यायची. दुपारी तिचा गणिताचा अभ्यास असायचा आईजवळ. तो झाला की पुन्हा यायची. संध्याकाळी प्रशांत ऑफिसातून आला की त्याचे थकलेले पाय पलंगाशी थांबायचे आणि तोही फरशीवर बसून भिंतीला टेकायचा. एकदा माधवी शेंगा सोलायला तिथंच बसली. चार माणसांचं घर, पण चारही जण एका खोलीत, एकाच गोष्टीत बसलेत, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. प्रत्येकाचं दार वेगळं, प्रत्येकाचा पडदा वेगळा. आता एकनाथराव पडल्या पडल्या सगळ्यांचे पाय मोजायचे आणि सहा पाय भरले की त्यांना बरं वाटायचं.

कागद अंगाखाली होता. कूस बदलता येत नव्हती, पण जरा हललं तरी तो कुरकुरायचा. पहिल्या आठवड्यात त्या आवाजानं त्यांना आठवण व्हायची की बोलायचंय. दुसऱ्या आठवड्यात त्या आवाजानं ते दचकायला लागले. ही पोर कॉलेजला गेली, तर सकाळी चटईवर कोण येणार? चार वर्षं ज्या गोष्टीसाठी सुनेशी वाद घातला, ती हाताशी आली आणि आता त्यांनाच ती नको होती. आणि हे कबूल करायला समोर फक्त फरशी होती.

दुसरा आठवडा संपता संपता असं झालं. पोरगी एक हलकंफुलकं पुस्तक वाचत होती, वसतिगृहातल्या दोन मुलींचं. त्या दोघी दिवसभर भांडतात आणि संध्याकाळी जिन्यात बसून बोलतात, एवढंच त्यात होतं. वाचता वाचता एका जागी योगिनीला हसू फुटलं. खूप हसली. आणि हसता हसता तिनं मान वळवून शेजारी बघितलं, चटईच्या रिकाम्या बाजूला. मग पुन्हा पुस्तकाकडं.

क्षणाचीच गोष्ट. पण हातभर अंतरावरून काही लपत नाही.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आजोबा, मैत्रिणी इतका वेळ काय बोलत असतात?"

"पुस्तकात असेल की."

"पुस्तकात दिलं नाही. नुसतं लिहिलंय की बोलत बसल्या."

एकनाथरावांना ऐंशी वर्षं झाली होती. गुरांचं, पिकांचं, गाड्यांचं, पार्सलचं, काहीही विचारलं तरी त्यांच्याकडं उत्तर असायचं. याचं नव्हतं.

"पुढचं वाच," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांचं ऐकण्यात लक्ष लागलं नाही.

चोवीस तारखेला डॉक्टरांनी तपासलं. भोक बुजलं होतं. आता उठून बसायला हरकत नाही, मान तेवढी तीन आठवडे खाली ठेवा, वाचायचं नाही, असं सांगितलं. घरी आले आणि एकनाथराव पुन्हा पलंगावर जाऊन पालथे पडले.

"नाना, बसायला सांगितलंय ना?" माधवी म्हणाली.

"सवय झालीय."

"एकवीस दिवस रोज शिव्या देत होतात."

"शिव्या द्यायचीही सवय झालीय."

माधवीचे पाय थोडा वेळ तिथंच उभे राहिले. मग निघून गेले.

पंचवीस गेली, सव्वीस गेली. सत्तावीसला उमाजींचा फोन आला, "भरला का फारम?" एकनाथराव म्हणाले, "बघतो." उमाजी म्हणाले, "बघणार कशानं, डोळा तर बांधलाय," आणि हसले. एकनाथराव हसले नाहीत. तीन दिवस काढले की झालं. तारीख आपोआप टळेल, कोणाला काही कळणार नाही, उमाजीला काहीतरी सांगता येईल. इतकं सोपं होतं ते. आयुष्यात त्यांनी एकही पार्सल दाबून ठेवलं नव्हतं. पावसात भिजलेलं, पत्ता पुसलेलं गाठोडंसुद्धा त्यांनी माणूस हुडकून पोचवलं होतं. आणि आता स्वतःच्या नातीचं अंगाखाली धरून पडले होते.

अठ्ठावीसला सकाळी योगिनी चटई घेऊन आली, सरकली, पुस्तक उघडलं.

"थांब," एकनाथराव म्हणाले. "मिटव ते."

तिनं मिटलं.

"माझ्या गादीखाली एक कागद आहे. कॉलेजचा. तुझ्यासाठी मागवलेला. परवा शेवटची तारीख. मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

 एकनाथराव तिच्या तोंडाकडं बघत होते. तिथं आश्चर्य नव्हतं.

"माहीत आहे," योगिनी म्हणाली.

"कसं काय?"

तिनं हात वर करून नवारीला बोट लावलं. "बाबांनी दोन पट्ट्या सरकवल्या ना, तेव्हा बाकीच्या सैल झाल्या. फटी पडल्यात. इथून दिसतो तो. आधी नुसतं कॉलेजचं नाव दिसत होतं. मग तुम्ही हललात तर विषय दिसले. मग एका दिवशी तारीख. पूर्ण वाचायला नऊ दिवस लागले."

 जी पोरगी डाळीच्या पुडीचा कागद वाचते, औषधाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचते, तिच्या डोक्यावर त्यांनी कागद लपवला होता. नवारीच्या पलंगावर. त्यांचंच त्यांना हसू आलं, पालथ्या माणसाला हसणं जड जातं तरी आलं.

"काढून का नाही वाचलास?"

"तुमचा होता. दिसला तेवढा वाचला."

"आणि बोलली नाहीस?"

योगिनी पुस्तकाच्या कडेवर नख फिरवत राहिली. "तुम्ही सांगता का बघत होते. नसता सांगितला तर मी समजले असते, तुम्हाला मी घरात पाहिजे. मग नसते गेले."

"आणि आता?"

"आता जाऊन बघते," ती म्हणाली. "भीती वाटायली. पण बघते."

एकनाथराव हात टेकून उठले. मान खाली ठेवूनच पलंगाच्या कडेला बसले, गादी उचलली आणि तो चुरगळलेला कागद मांडीवर सपाट केला. मग सुनेला हाक मारली.

माधवीनं उभ्यानंच फॉर्म वाचला. मागं-पुढं उलटला.

"कधीपासून आहे हा?"

"मृगापासून."

"म्हणजे वीस दिवस गादीखाली कॉलेज आणि गादीवर तुम्ही."

"चुकलं माझं, सूनबाई. आणायला चुकलं नाही. ठेवून घ्यायला चुकलं."

माधवी खाली बसली. चार वर्षांचं शिकवणं तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू सरकत गेलं. एकेक धडा, एकेक दुपार. तिला राग आला होता का, हे सांगणं कठीण. तिनं लेकीकडं बघितलं. ती अजून पलंगाखालीच होती, फक्त पाय बाहेर.

"योगिनी, तुला जायचंय? नानांसाठी नको, माझ्यासाठी नको."

"मला कोणाशी तरी भांडायचंय, आई," पलंगाखालून आवाज आला. "पुस्तकावरून. तू माझं लगेच ऐकतेस. आजोबा ऐकतच नाहीत. मला मधलं कोणीतरी पाहिजे."

माधवीला हसू आलं आणि ते तिला आवडलं नाही. तिनं पदराच्या टोकानं नाक पुसलं आणि पेन मागितलं. संध्याकाळी प्रशांतनं दोनदा विचारलं, "नक्की ना?" आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत फॉर्म कॉलेजच्या खिडकीत पोचला.

जुलैच्या दुसऱ्या सोमवारी कॉलेज सुरू झालं. प्रशांत स्कूटरवरून सोडतो म्हणाला. योगिनीनं नको म्हटलं. "नारायणगुडा काय, हाकेवर आहे." माधवीनं डब्यात पराठे आणि लोणचं दिलं, मग डबा परत उघडून एक पराठा जादा घातला. कोणीतरी मागितला तर असू दे, असं ती म्हणाली नाही. पण योगिनीनं तिच्याकडं बघून मान हलवली.

पिशवी खांद्याला लावून ती आजोबांच्या पाया पडली.

"भांडून ये," एकनाथराव म्हणाले.

"हौ," ती म्हणाली आणि जिना उतरली.

एकनाथराव गॅलरीत येऊन उभे राहिले. मान खाली ठेवायची होती, आणि तिसऱ्या मजल्यावरून रस्ता बघायला मान खालीच घालावी लागते. दुखऱ्या डोळ्यात अजून धूसर होतं, म्हणून त्यांनी त्यावर तळहात धरला. दुसऱ्या डोळ्याला ती फाटकातून बाहेर पडताना दिसली. इस्त्रीवाल्याच्या गाडीपाशी ती जरा थांबली, भिंतीवरची कसलीशी पाटी वाचली आणि पुढं निघाली. केळीवाला आडवा आला, त्याला वाट दिली. मागं वळून तिनं बघितलं नाही. कोपऱ्यावर रंगीत ओढण्यांतल्या पाच-सहा मुली उभ्या होत्या. त्यांच्या जवळून जाताना तिची चाल मंदावली, मग पुन्हा लागली, आणि ती मोठ्या रस्त्याला वळली.

माधवी त्यांच्या मागं, गॅलरीतल्या दोरीवर टॉवेल घालायला आली होती. तीही त्याच वळणाकडं बघत होती आणि टॉवेल तिच्या हातात तसाच ठिबकत राहिला.